आरशासारखा स्टीलचा रेझर: चकाकी कुठे जाते आणि कशी टिकवायची

आरसा-पॉलिश केलेल्या स्टेनलेस स्टीलच्या सेफ्टी रेझरवरचे बहुतेक ओरखडे दाढी करताना पडतच नाहीत. गाल, केस आणि साबणाचा फेस यांत स्टीलला ओरखडेल असं काही नसतं. ओरखडे पडतात ते नंतरच्या दोन मिनिटांत: बेसिनच्या काठावर आपटून केस झाडताना, ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर रेझर आडवा टाकताना, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे दोरीवर वाळलेल्या टॉवेलने तो चांगला खसाखसा पुसताना. त्यामुळे खाली जे काही सांगितलं आहे त्याचा रोख एकच आहे: धुणं वाढवा, पुसणं कमी करा.

आधी रेझर कशाचा आहे ते ओळखा

चकाकणारा प्रत्येक रेझर स्टेनलेसचा नसतो. जर्मनीचे मेर्कूर ३४सी आणि म्यूले आर८९ या जगभर खपणाऱ्या रेझरची डोकी जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असतात आणि वर क्रोमचा मुलामा असतो. जुने जिलेट बहुधा पितळेचे, त्यांवर निकेलचा किंवा सोन्याचा मुलामा. फेदरचा एएस-डी२, रॉकवेल ६एस, म्यूलेचा रोक्का हे मात्र खरोखर स्टेनलेस. आरसा-पॉलिशचे महागडे रेझर बहुधा ३१६एल नावाच्या स्टीलचे असतात. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि याच मॉलिब्डेनममुळे ते खारट पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. काही रेझर ३०३ स्टीलचे असतात. लेथवर सहज कापलं जावं म्हणून त्या स्टीलमध्ये मुद्दाम गंधक घातलेलं असतं, त्यामुळे ते गंजाला ३१६एलपेक्षा लवकर बळी पडतं. असा रेझर ओला ठेवून चालत नाही.

चुंबकाने अर्धीच परीक्षा होते. ३१६एलला चुंबक चिकटत नाही किंवा अगदी पुसट ओढतो. पण पितळ आणि जस्त यांनाही तो चिकटत नाही. उलट १७-४ नावाचं स्टेनलेस चुंबकाला चांगलं चिकटतं. खात्रीचा पुरावा झिजलेल्या जागी मिळतो. वरच्या कॅपची आतली बाजू आणि हँडलचे आटे भिंगाने बघा. पिवळी झाक दिसली तर पितळ. निस्तेज करडा रंग आणि मुलाम्याला आलेले बारीक फोड दिसले तर जस्त. आत-बाहेर एकच रंग असेल तर स्टील.

हा भेद नुसत्या माहितीसाठी नाही. क्रोमचा मुलामा अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अख्ख्या स्टेनलेसच्या रेझरवर जे पॉलिश चालतं ते मुलाम्यावर वापरलं, तर ओरखड्याबरोबर मुलामाही जातो आणि तो घरी परत चढवता येत नाही. काळा किंवा सोनेरी पीव्हीडी थर, म्हणजे निर्वात कक्षात वाफेतून चढवलेला अतिपातळ कडक थर, असलेल्या रेझरलाही हेच लागू आहे.

महागडं स्टील इतक्या सहज का ओरखडतं

अनेकांना याचं आश्चर्य वाटतं: स्वस्तातला क्रोमचा रेझर वर्षानुवर्षं गुळगुळीत राहतो आणि त्याच्या कितीतरी पट किमतीच्या स्टेनलेसच्या रेझरवर महिन्याभरात रेषा दिसू लागतात. कारण साधं आहे. ३१६एल गंजाला चिवट असलं तरी पृष्ठभागाने मऊ आहे. कडकपणा मोजायच्या विकर्स मापावर ते साधारण १५० ते २०० भरतं. क्रोमचा मुलामा ८०० च्या पुढे जातो. खिडकीची काच ५०० च्या आसपास असते, दाढीच्या ब्लेडचं कडक केलेलं स्टील त्याहून वर, आणि वाळूचा कण, म्हणजे क्वार्ट्झ, हजाराच्या वर. ग्रॅनाइटमध्ये हेच क्वार्ट्झ भरलेलं असतं. व्हिट्रिफाइड टाइल आणि चिनी मातीचं बेसिन हेही स्टीलपेक्षा बरेच कडक. म्हणजे बाथरूममधल्या जवळजवळ प्रत्येक कठीण वस्तूपुढे हा रेझर मऊच आहे. आणि त्याच्या पोटात बसणारं ब्लेडही त्याच्यापेक्षा तिपटीने कडक आहे.

आरसा-पॉलिशमध्ये पृष्ठभागावरचे उंचवटे एक दशांश मायक्रॉनच्याही खाली आणलेले असतात. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. उंचवटे त्याच्या बरेच खाली असले की प्रकाश विखुरत नाही, सरळ परततो आणि आपल्याला आरसा दिसतो. मायक्रॉनभर खोल चरादेखील प्रकाश विखुरतो, म्हणून तो लखकन दिसतो. हाच चरा मंद चमकेच्या, ब्रश केलेल्या रेझरवर पडला असता तर तिथल्या मूळच्या रेषांत हरवून गेला असता. आरसा-पॉलिश निवडणं म्हणजे ही जोखीम निवडणं. रोज सकाळी घाईत दाढी उरकणाऱ्यासाठी मंद चमकेचा रेझर जास्त सुखाचा, हे विकत घेण्यापूर्वीच लक्षात घ्यावं.

दाढीनंतरची दोन मिनिटं

तीन भागांच्या रेझरची रचना, वरची कॅप, मधली बेसप्लेट आणि खालचं हँडल, किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये मिळालेल्या पेटंटपासून फारशी बदललेली नाही. फेस आणि केस अडकतात ते कॅप आणि बेसप्लेटच्या मधल्या फटीत. ते काढायला रेझर रोज उघडायची गरज नसते. उघडताना आणि बंद करताना ब्लेड दर वेळी कॅपवर घासतं, म्हणून रोज उघडणं टाळलेलंच बरं.

हँडल अर्धा फेरा सैल करा. नळाचं कोमट पाणी डोक्याच्या बाजूने, फटीतून आरपार जाईल असं दहा-पंधरा सेकंद सोडा. मग रेझर फिरवून दुसऱ्या बाजूनेही तेच करा. हँडल बोटांनी पुन्हा आवळा. वर्तुळात फिरवत एक-दोन झटके देऊन पाणी झाडा, पण भिंतीपासून आणि नळापासून लांब उभे राहून. बेसिनच्या काठावर टकटक करणं पूर्ण बंद. त्या सवयीने कॅपच्या कडेला पोचे पडतात, आणि पोचा पॉलिशने जात नाही.

यानंतर चकाकी टिकवणारी खरी युक्ती येते. एका वाटीत किंवा मगात १०० ते १५० मिलि. आरओचं पाणी घ्या आणि त्यात रेझर चार-पाच सेकंद बुडवून काढा. नळाच्या पाण्यातले क्षार या बुडीत निघून जातात आणि मागे राहिलेले थेंब वाळले तरी पांढरे ठिपके जवळजवळ उमटत नाहीत. ठिपके नाहीत म्हणजे पुसायची निकड नाही, आणि पुसणं नाही म्हणजे ओरखडे नाहीत. आरओ नसेल तर गॅरेजमध्ये किंवा पेट्रोल पंपावर मिळणारं ‘बॅटरीचं पाणी’, म्हणजेच डिस्टिल्ड वॉटर, याहून उत्तम. मात्र बाटलीवरचं लेबल वाचून घ्या. बॅटरीत भरायचं ॲसिडही तिथेच शेजारी ठेवलेलं असतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी कुणी सुचवलं तर घेऊ नका. त्यात क्षार कमी असतात हे खरं, पण ते एसीच्या कॉइलवरची धूळ धुऊन आलेलं असतं, आणि आपल्याला वाचायचं आहे ते धुळीपासूनच.

बुडी देऊन झाली की रेझर स्टँडवर टांगा आणि सोडून द्या. पुसल्याशिवाय चैन पडत नसेल तर पुसू नका, टिपा: मायक्रोफायबरचं फडकं रेझरवर ठेवून हलकेच दाबा आणि उचला. फडकं ओढायचं नाही.

दाढीनंतर तुरटी लावणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तुरटीने माखलेल्या ओल्या बोटांनी रेझर धरला की हँडलवर पांढरी खरखरीत पुटं धरतात. तुरटी आम्लधर्मी असते आणि वाळली की तिचे स्फटिक होतात. पुढच्या वेळी बोटं फिरताना ते स्फटिक घासले जातात. म्हणून आधी रेझर धुऊन टांगावा, तुरटी मागाहून. ब्लेड घसरू नये म्हणून बोटांना तुरटी लावून धरत असाल तर शेवटच्या धुण्यात हँडलही नीट धुवा, विशेषतः पकडीसाठी कोरलेल्या खरखरीत नक्षीच्या खाचा.

ब्लेड बदलताना

आतल्या बाजूचे बहुतेक चरे इथे पडतात. चार-पाच दाढ्यांनंतर ब्लेड बदलताना हे पाळा.

बेसिनच्या तळाशी जाडसर दुमडलेला टॉवेल ठेवा आणि सगळं काम त्याच्यावरच करा. ओला, साबणाळलेला सुटा भाग हातातून निसटतोच, आणि सुटी कॅप सिंकच्या जाळीतून थेट खाली जाऊ शकते. अंगठ्या आणि हातातलं कडं किंवा स्टीलचं घड्याळ आधी उतरवून ठेवा. हँडलच्या वरच्या भागावर दिसणाऱ्या आडव्या, तुटक रेषा पुष्कळदा अंगठीच्याच असतात.

रेझर उलटा, डोकं खाली करून धरा आणि हँडल फिरवून काढा. बेसप्लेट सरळ वर उचला. जुनं ब्लेड कॅपला पाण्यामुळे चिकटून बसलेलं असतं. ते नखाने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. कॅप पाण्याच्या वाटीत बुडवली की ते आपसूक सुटतं. नवं ब्लेड दोन्ही बोथट टोकांना धरून, कॅपच्या खुंट्यांच्या बरोबर वर आणून, सरळ खाली सोडा. एक भोक खुंटीत अडकवून मग ब्लेड सरकवत बसवायची सवय असते, तीच कॅपच्या आत कमानीसारखे चरे पाडते. एवढी काळजी घेऊनही खुंट्यांच्या भोवती आणि ब्लेड टेकतं त्या कडांवर बारीक खुणा होणारच. त्या बाहेरून दिसत नाहीत, दाढीवर त्यांचा काही परिणाम नाही, आणि त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

आवळताना फक्त बोटांचा जोर वापरा. स्टेनलेसच्या आट्यांत स्टेनलेसचेच आटे जोराने फिरले की दोन्हीकडचा धातू एकमेकांना चिकटून फाटतो आणि स्क्रू जाम बसतो, इतका की कधीकधी तो तोडल्याशिवाय सुटत नाही. आट्यांत बारीक कचरा असला तर हे आणखी लवकर होतं. फिरवताना करकर जाणवली तर तिथेच थांबा, उलट फिरवून सोडवा, आटे धुवा आणि पुन्हा लावा. महिन्यातून एकदा आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पुरतो. खोबरेल नको, ते काही आठवड्यांत चिकट होतं आणि मळ धरतं.

काढलेलं ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत सुटं टाकू नका. झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवा. घंटागाडीवर कचरा हाताने वेगळा करणाऱ्याचे हात त्यात असतात.

आठवड्याची धुलाई

साबणाचा फेस आणि कठीण पाणी एकत्र आलं की पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जोडलं जातं आणि न विरघळणारा, मेणचट पांढरा साका तयार होतो. मुंबई-पुण्यात धरणाचं पाणी तुलनेने मऊ, तिथे हा साका हळू बसतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत चार दिवसांत जाणवतो. साका स्वतः स्टीलपेक्षा मऊ आहे, तो ओरखडत नाही. पण त्यात धूळ रुतून बसते, आणि तो कोरडा घासून काढायला गेलं की ती धूळ पॉलिश पेपरचं काम करते.

काम साधं आहे. ब्लेड काढून तिन्ही भाग सुटे करा. २५० मिलि. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका आणि भाग पाच मिनिटं बुडवून ठेवा, एकमेकांवर न आदळतील असे, प्लॅस्टिकच्या पसरट डब्यात. मग बाहेरचे गुळगुळीत भाग दाढीच्या जुन्या, मऊ ब्रशने धुवा. कोपरे आणि आटे यांच्यासाठी लहान मुलांचा मऊ टूथब्रश घ्या, पण नवा. दात घासलेला जुना टूथब्रश कितीही धुतला तरी त्याच्या केसांच्या मुळाशी पेस्टमधली सिलिका किंवा खडूची भुकटी उरते, आणि तीच आरशावर धूसर झाक आणते. शेवटी वाहत्या पाण्याखाली धुवा, आरओच्या पाण्यात बुडवा, टिपा.

साबणाने न जाणारे क्षारांचे ठिपके असतील तर ॲसिड लागतं, पण सौम्य. किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, सपाट चमचाभर, साधारण ५ ग्रॅम, २५० मिलि. कोमट पाण्यात विरघळवा. स्फटिक पूर्ण विरघळेपर्यंत रेझर आत टाकू नका. पाच ते दहा मिनिटं पुरे. ठिपके विरघळून जातात, घासावं लागत नाही. मग साबणाच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने धुवा. मूळचं ३१६एल याने बिघडत नाही. मुलाम्याच्या रेझरला मात्र जास्तीत जास्त एक मिनिट, आणि मुलाम्याला फोड आलेले असतील तर अजिबात नाही.

तांब्या-पितळेचे घरगुती उपाय इथे घात करतात. लिंबू-मीठ दुहेरी वाईट: मिठाचे खडे घासतात आणि मिठातलं क्लोराइड स्टीलला टोचून बारीक खड्डे पाडतं. राख, रांगोळी, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट हे सगळे घासणारेच. तारेची घासणी तर सगळ्यांत घातक. तिचे लोखंडी कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि दोन दिवसांनी तिथे गंजाचे ठिपके उगवतात. हिरवी नायलॉन घासणीही चालत नाही, कारण तिच्या धाग्यांवर ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे कडक कण चिकटवलेले असतात. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि ब्लीचमधलं क्लोरिन यांनी आरशावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. बाथरूम धुताना उडालेल्या शिंतोड्यांनीही हे होतं, म्हणून त्या दिवशी रेझर बाहेर नेऊन ठेवा. निर्जंतुक करायचं असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं, ते काही इजा करत नाही.

सोनाराकडे दागिने धुवायचं अल्ट्रासोनिक यंत्र असतं, तसं लहान यंत्र घरी असेल तर ते स्टेनलेससाठी चांगलं आहे. मात्र भाग त्याच्या तारेच्या जाळीवर ठेवू नका आणि एकमेकांना लागू देऊ नका. कंपनांनी ते एकमेकांवर थरथरत राहतात आणि टेकलेल्या जागी मंद डाग पडतो. प्रत्येक भाग वेगळा, सुती दोऱ्याने पाण्यात टांगून, दोन-तीन मिनिटं.

तपकिरी डाग: रेझर गंजला की ब्लेड?

कॅपच्या आत तपकिरी ठिपका दिसला की लोक घाबरतात. बहुतेक वेळा तो रेझरचा गंज नसतो. ब्लेडच्या स्टीलमध्ये धार टिकावी म्हणून कार्बन जास्त आणि क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास असतं. ओलं ब्लेड आठवडाभर आत राहिलं की त्याच्या भोकांच्या आणि टोकांच्या कापलेल्या कडा गंजतात आणि तो गंज कॅपला लागतो. वरच्याच सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात पंधरा मिनिटांत तो निघून जातो. डाग निघाल्यावर खाली गुळगुळीत आरसा दिसला तर रेझर शाबूत आहे. खड्डा दिसला तर मात्र स्टीललाच क्लोराइड लागलं आहे. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे चहाच्या डागासारखी फिकट तपकिरी झाक बाहेरच्या बाजूलाही येऊ शकते, ३०४ (मॉलिब्डेनम नसलेलं साधं स्टेनलेस) आणि ३०३ वर जास्त. तिथे रेझर रोज गोड्या पाण्याने धुणं, मग दाढी केलेली असो वा नसो, हा एकमेव खात्रीचा उपाय.

फडकं हे सुद्धा अवजार आहे

रेझरसाठी दोन मायक्रोफायबर ठेवा आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका. नवीन असतानाच एकदा धुवा, कारण कापलेल्या कडांचे कडक धागे आणि कारखान्यातली धूळ त्यात असते. शिवलेली कड आणि लेबल कापून टाका. धुताना इतर कपड्यांबरोबर टाकू नका आणि कपडे मऊ करणारं कंडिशनर वापरू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं पाणी शोषायचं सोडून फासत बसतं. वाळवायचं घरात, गच्चीवरच्या किंवा रस्त्याकडच्या दोरीवर नाही. जमिनीवर पडलेलं फडकं धुतल्याशिवाय रेझरला लावायचं नाही. एवढा कडक नियम का, तर वाळूचा न दिसणारा एक कण आणि बोटाचा दाब एवढंच लागतं.

कोरडं पुसणं भागच असेल, फोटोसाठी किंवा कुणाला भेट द्यायला, तर आधी रेझर वरच्या पद्धतीने धुऊन घ्या, फडक्यावर अल्कोहोलचे दोन थेंब टाका आणि एका दिशेने, कॅपच्या लांबीला समांतर, ओझरता हात फिरवा. गोल-गोल घासू नका. सरळ रेषा एकाच कोनातून दिसतात. गोल रेषा मात्र प्रकाश कुठूनही आला तरी त्यांतली कुठली ना कुठली चमकतेच, आणि दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं दिसू लागतं.

ठेवणं आणि प्रवास

स्टँडवर टांगायचा तर स्टँडची खाच रेझरच्या मानेला कुठे टेकते ते पाहा. स्टीलच्या खाचेत स्टीलची मान रोज दोनदा घासली की वर्षभरात तिथे मंद रिंग उमटते. खाचेवर सिलिकॉनच्या नळीचा चिरलेला तुकडा बसवला की प्रश्न मिटतो. आडवा ठेवायचा असेल तर सिलिकॉनच्या किंवा बुचाच्या चकतीवर. नळाच्या शिंतोड्यांच्या टप्प्यात नको, आणि उघड्या खिडकीच्या कट्ट्यावर तर नकोच. रस्त्याची धूळ तिथेच बसते.

प्रवासात ब्लेड काढा. रिकामा रेझर तसाच आवळला तर कॅप आणि बेसप्लेट एकमेकांवर टेकून घासतात, आणि सुटे भाग एका पिशवीत टाकले तर त्याहून वाईट. बटर पेपरचा ब्लेडच्या आकाराचा तुकडा कापा, मधोमध भोकं पाडा, ब्लेडच्या जागी बसवा आणि हलकेच आवळा. मग रेझर मऊ पिशवीत. चामड्याच्या डबीत ओला रेझर बंद करू नका. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि क्षार ओलाव्यात उतरतात आणि एका रात्रीत डाग देतात. ब्लेडची पाकिटं विमानात हातातल्या सामानात चालत नाहीत, ती चेक-इनच्या बॅगेत.

ओरखडा पडलाच तर

पॉलिश हातात घेण्याआधी तो खरंच ओरखडा आहे याची खात्री करा. क्षाराची रेघ आणि साबणाचा फराटा हुबेहूब ओरखड्यासारखे दिसतात. सायट्रिक ॲसिड, साबण, अल्कोहोल या क्रमाने स्वच्छ करा, खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलच्या टॉर्चखाली तिरकं धरून बघा. मग नख आडवं फिरवा. नखाला अडत नसेल तर तो चरा घरी जाण्यासारखा आहे. अडत असेल तर तो काढायला आजूबाजूचा बराच धातू खाली आणावा लागेल. कॅपच्या वक्र पृष्ठभागावर ते घरी नीट साधत नाही, आरसा लाटांसारखा हलता दिसू लागतो. असा एखादा खोल चरा तसाच राहू द्यावा, हेच आमचं स्पष्ट मत.

बारीक चऱ्यांसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचं मेटल पॉलिश, ट्यूबमध्ये मिळणारं ऑटोसोल किंवा तसंच दुसरं, चालतं. ब्लेड आधी बाहेर. कॅपच्या आतल्या बाजूला, खुंट्यांना, बेसप्लेटच्या ब्लेड टेकणाऱ्या कडांना आणि त्वचेला लागणाऱ्या सेफ्टी बारला पॉलिश लावायचं नाही. रेझर सौम्य की आक्रमक हे ब्लेड किती बाहेर डोकावतं यावर ठरतं, आणि ते माप मिलिमीटरच्या शतांशांत असतं. तिथला धातू कमी केला की दाढीच बदलते. कोरलेलं नाव किंवा नक्षी असेल तर तिच्यावर चिकटपट्टी लावा.

मुगाच्या दाण्याएवढं पॉलिश धुतलेल्या मऊ सुती कापडावर घ्या. ओरखड्याच्या दिशेला आडव्या, सरळ, हलक्या वीस-तीस घासण्या द्या. कापड काळं होईल. तो काढलेल्या धातूचा रंग, भिण्याचं कारण नाही. पॉलिश वाळायच्या आत कापडाच्या स्वच्छ भागाने टिपा, साबणाने धुवा, टॉर्चखाली बघा. गरज असेल तर पुन्हा. चरा गेल्यावर त्या जागी हलकी धूसर झाक राहते, कारण पॉलिशचे कण मूळच्या फिनिशपेक्षा जाड असतात. ती काढायला १ मायक्रॉनची आणि मग अर्ध्या मायक्रॉनची डायमंड पेस्ट किंवा क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी वापरा. प्रत्येक टप्प्याला नवं कापड, आणि मध्ये हात आणि रेझर दोन्ही साबणाने धुणं. जाड पेस्टचे दोन कण जरी बारीक पेस्टच्या कापडावर गेले तरी सगळी मेहनत वाया जाते. घरी होणारी बहुतेक फसगत इथेच होते.

बफिंगच्या यंत्रावर लहान वस्तू धरणं धोक्याचं आहे. चाकाने कॅपची कड पकडली की ती हातातून सुटून भिंतीवर जाते. आणि सुटली नाही तरी धारदार कडा गोल होतात, रेझरचा तोंडवळाच बदलतो. काही रेझर स्टीलची भुकटी साच्यात दाबून आणि भट्टीत तापवून घडवलेले असतात. त्यांच्या आत सूक्ष्म पोकळ्या उरलेल्या असतात, आणि खोल बफ केलं की त्या टाचणीच्या टोकासारख्या वर उघडतात. भांड्यांच्या बफिंगवाल्याकडे द्यायचाच असेल तर नवं, न वापरलेलं कापडी चाक लावायला सांगा. लोखंड घासलेल्या चाकातले कण स्टेनलेसमध्ये रुतले की पुढे गंजाचे ठिपके येतात, आणि ते ज्याच्या हातून झालं त्यालाही ते कुठून आले हे कळत नाही.

मेणाचा पातळ थर दिला की पाणी मोत्यासारखं घरंगळतं आणि ठिपके कमी पडतात हे खरं. पण रोजच्या गरम पाण्यात आणि साबणात तो थर काही दिवसांतच जातो, हँडल निसरडं होतं. कपाटात ठेवायच्या रेझरला मेण ठीक. रोजच्या रेझरला आरओची बुडी जास्त कामाची.

आरसा-पॉलिशचा वस्तरा असेल तर

वस्तऱ्याच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या. दगडावर धार लावताना पाठ दगडाला टेकते आणि तिथली चकाकी जाते, म्हणून पाठीवर इलेक्ट्रिकच्या कामाच्या चिकटपट्टीचा एक थर लावा, आणि दर वेळी तोच एक थर, कारण पाठीची जाडी बदलली की धारेचा कोन बदलतो. दुसरं, पट्ट्यावर पाजळण्याआधी पट्टा तळहाताने वरून खालपर्यंत निपटून घ्या. चामड्यात रुतलेला एक कण धारेपासून पाठीपर्यंत लांब रेघ ओढतो. वस्तरा धुतल्यावर पाठीकडून धारेकडे टिपा, धारेवरून आडवं फडकं कधीच नको, आणि मिटण्यापूर्वी खिट्टीची जागा पूर्ण कोरडी झाली आहे हे बघा. मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये अडकलेलं पाणी दिसत नाही, म्हणून वस्तरा तासभर अर्धा उघडा, धार भिंतीकडे करून, मुलांच्या हाताबाहेर ठेवा.